दक्षिणेची दारं

आमच्या गावाहून नागपूर काही लंकेत नाही. सावनेरपर्यंत एक यष्टी, पुढं दुसरी. मी जन्मभर जाऊन-येऊन आहे. संत्र्याच्या गाड्यांसोबत गेलो, कोर्टाच्या तारखेला गेलो, शेवटी शेवटी बायकोला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो. पण घरं कशी वसवतात ते पाहायला म्हणून गेलो तो याच वैशाखात. तिथं मी जे करून आलो ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. तरी लिहितो, कारण पारावर माझ्याबद्दल भलतंच चाललं आहे, की बुढ्यानं नागपूरच्या शिकल्या लोकांचं भांडण मिटवलं. मिटवलं नाही. काय झालं ते वाचा.

दुसरंही एक कारण आहे. पूर्वी मी कुठूनही आलो की अनसूया पाण्याचा गडवा पुढं ठेवून खाली बसायची. मग सगळं सांगावं लागे. कोण भेटलं, काय खाल्लं, त्यांच्या घरच्या वरणाला फोडणी कशाची होती. मी एखादी गोष्ट गाळली तर तिला बरोबर कळायचं. ती फाल्गुनात गेली. आता आलो तर गडवा माझाच मला भरून घ्यावा लागला आणि सांगायला समोर भिंत. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिताना गुरुजींची भाषा येते, मधेच आपली घुसते. सांभाळून घ्या.

कोराडी

माझा मुलगा मनोहर कोराडीच्या वीजघरात कामाला आहे. आई गेल्यावर तो मला दोन-तीनदा न्यायला आला, मी गेलो नाही. चौथ्यांदा म्हणाला, "बाबा, राहाले नोका येऊ. आमची नवी कॉलनी कशी होऊन राहिली तेवढी पाहाले या." मला हे बरं वाटलं. दुःख वागवत कोणाच्या घरी जाणं वेगळं आणि काही काम घेऊन जाणं वेगळं.

सावनेरहून निघालं की कोराडी नागपूरच्या अलीकडंच लागते. वीजघराच्या चिमण्या दुरूनच दिसतात. मी त्या पाहत बसलो आणि थांबा निघून गेला. कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, कोराडी कोराडी करून घसा सुकला माहा, कुठं ध्यान होतं?" पुढच्या थांब्याला उतरून उलट चालत आलो. कोळशाचे ट्रक शेजारून जात होते. पांढरं धोतर नेसून निघालो होतो, क्वार्टरच्या दारात पोचेपर्यंत ते राखुंडीच्या रंगाचं झालं. सून शोभा पाया पडली आणि धोतराकडं पाहून हसली. म्हणाली, "मामाजी, इथं पांढरं नेसाचं नसते. इथं दोरीवर धुणंबी राख घेऊनच वाळते."

त्यांचं क्वार्टर सिमेंटचं, वर सपाट स्लॅब. दुपारी तिथं बसवत नाही. पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकवली तर तव्याला टेकवल्यासारखं. पंखा फिरतो, पण वरची गरम हवाच खाली फेकतो. कूलरसमोर बसलो तर फवाऱ्यानं माझा सदरा ओला झाला आणि दुसऱ्या दिवशी पडसं आलं. भर वैशाखात पडसं आलेला माणूस म्हणून शेजारपाजारचे मला पाहायला येऊन गेले. ऊन उतरल्यावर शोभा स्लॅबवर बादलीनं पाणी मारे तर वाफ निघे. मला आपलं गावचं घर आठवलं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर. पंखा नाही, पण दुपारी डोळा लागतो.

मनोहरला हेच सांगायचं होतं. म्हणाला, "आम्ही दिवसभर वीज बनवतो आन घरी येऊन तीच जाळतो. तरी घामानं निथळतो. म्हणून घरंच अशी बांधू म्हटलं, का पंखा कूलर कमीच लागला पायजे."

ही कल्पना त्याची नव्हती. त्याच्याच पाळीतल्या रामटेकेची होती.

रामटेके संध्याकाळी आला. मनोहरएवढाच, काळासावळा, सदा खिशाला दोन पेन. तो बौद्ध आहे. त्याच्या बापानं छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हा हा बापाच्या खांद्यावर होता. वीजघरातल्या लोकांची सोसायटी त्यानं उभी केली, जमीन त्यानं शोधली, नकाशा काढणारी बाई त्यानंच गाठली. सोसायटीचा सेक्रेटरी तोच. मला म्हणाला, "काकाजी, उद्या तुम्हाले तुमचं घर दाखवतो." मी म्हटलं, घर बांधलं तरी कुठं? तर म्हणे, आखलं आहे.

आखलेलं गाव

जागा कोराडी रोडवरून आत, नाल्याच्या काठाला. काल-परवापर्यंत ते कपाशीचं शेत होतं हे मला पाहताक्षणी कळलं. पऱ्हाट्यांचे खुंट तसेच होते, काळी जमीन भेगाळली होती. त्या जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून घरं आखली होती. मी सरळ चालत गेलो तर मागून बाई हसल्या, "काकाजी, तुम्ही भिंतीतून आलात. दार तिकडं आहे."

या कुमुदबाई. मुलींना नकाशे काढायला शिकवतात, राहतात नागपूरच्या जुन्या महाल भागात. डोक्याला रुमाल बांधून उन्हात उभ्या होत्या. त्यांनी पुठ्ठ्याचं एक छोटं घर आणलं होतं, कंपासपेटीएवढं. ते एकदा लांब बाजू पूर्व-पश्चिमेला करून उन्हात ठेवलं, मग फिरवून लांब बाजू उत्तर-दक्षिणेला केली. मला म्हणाल्या, सावली पाहा. मी पाहिली. मी शेतकरी माणूस, ऊन कुठून चढतं आणि कुठं कलतं ते मला कोणी शिकवायला नको. पण घर असं फिरवून पाहायचं असतं हे डोक्यात आलं नव्हतं. सकाळचं आणि तिसऱ्या प्रहरचं ऊन आडवं येतं, ते अडवता येत नाही. दुपारचं डोक्यावरून जातं, त्याला हातभर छज्जा पुरतो. म्हणून पूर्व-पश्चिमेला भिंती कमीत कमी, आणि त्याही शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेल्या. दोन घरांत एकच भिंत. भिंतीला ऊनच लागत नाही तर ती तापणार कशी?

तर आखणी अशी होती. घरांच्या दोन लांब ओळी, पाठीला पाठ. मधात सगळ्यांचं मिळून एक अंगण, त्यात निंब लावायचे. एका ओळीची दारं उत्तरेला, सडकेवर. दुसरीची दक्षिणेला, नाल्यावर. छतावर उलटी मडकी मांडून वरून चुना, म्हणजे ऊन आत झिरपत नाही.

रामटेकेनं मला एका जागी नेऊन उभं केलं. "हे मनोहरभाऊचं," तो म्हणाला, मग रेघ ओलांडून पलीकडं गेला. "आन हे माहं. मधात एकच भिंत. मागच्या बाजूनं भिंतीत एक आरपार ताकी ठेवू. वहिनीनं कढी केली का तिथूनच वाटी इकडं."

"आन इकडून काय जाईन तिकडं?" मी म्हटलं.

"माह्या मायच्या हातचा ठेचा. मग वहिनीले कढी कराचीच पडन."

मनोहर हसत होता. आई गेल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. दोघांनी मिळून एकच चिठ्ठी टाकायची ठरवलं होतं. ओळ कोणतीही येवो, घरं लागून यावी एवढंच. हे मला दोघांनी स्वतः सांगितलं. मी ते ऐकलं, मान हलवली. हे ध्यानात ठेवा.

महाल

रविवारी सोसायटीची बैठक होती, त्याआधी एक दिवस शोभासोबत महालात गेलो. कूलरसाठी खस घ्यायची होती. सायकलरिक्षावाला गल्लीच्या तोंडाशीच थांबला, पुढं वाट अरुंद. भर दुपार, वर आग. पण गल्लीत शिरलो आणि अंगावरचं ऊन गेलं. दोन्हीकडची घरं इतकी जवळ की वरच्या मजल्यावरच्या बाया एकमेकींना लोणचं देऊन राहिल्या होत्या.

कुमुदबाईंचं घर तिथंच. त्यांनी कैरीचं पन्हं दिलं, सोबत कोथिंबिरीची सांभारवडी. सांभारवडीत आमच्याकडं घालतात त्याहून खसखस जास्त. अनसूयेला हे सांगायचं म्हणून मी चव नीट ध्यानात धरली आणि मग आठवलं. बाई सांगत होत्या की नकाशा काही त्यांनी आकाशातून आणला नाही. या गल्लीत वाढल्या म्हणून सुचला. सुटे सुटे बंगले ही हौस आपल्याला साहेबानं लावली, आता प्रत्येकाला चारी बाजूंनी ऊन पाहिजे आणि मग चारी बाजूंनी पंखे पाहिजेत. हा नकाशा त्यांनी आधी दोन सोसायट्यांना दाखवला होता. दोघांनी पाहून परत केला. ही तिसरी. रविवारच्या बैठकीत काय होतं याची त्यांना काळजी होती.

"लोकांना ऊन समजतं हो काकाजी," त्या म्हणाल्या, "दिशा आली की अडतात."

बैठक

बैठक रविवारी सकाळी, क्वार्टरांच्या कॉलनीतल्या शाळेच्या वऱ्हांड्यात. सतरंजीवर पुरुष, मागं काही बाया. अध्यक्ष वानखेडेबाबू, रिटायर व्हायला आलेले. मला वडीलधारा म्हणून पुढं खुर्ची दिली. मी खुर्चीवर बसलो हेच पहिलं चुकलं असं आता वाटतं. खालच्या माणसापेक्षा खुर्चीवरच्या माणसाला लवकर बोलावंसं वाटतं.

एकच भिंत लोकांनी मान्य केली. उलटी मडकी हसत हसत मान्य केली. मग दारं आली. चिठ्ठ्या टाकून ज्याची जी ओळ निघेल ती, असं रामटेकेनं वाचून दाखवलं आणि वऱ्हांडा उठला. दक्षिणेचं दार म्हणजे जमाचं, यमराजाचं दार. कोणी म्हणे माझी बायको त्या घरात पाय ठेवणार नाही, कोणी म्हणे सासरा विचारतो, पोरीचं घर कोणत्या तोंडाचं. एक जण म्हणाला की सगळी घरं फिरवून पूर्वेलाच दारं करा, कटकट नको. कुमुदबाई म्हणाल्या, "मग सगळ्यांच्या भिंती तापतील. प्रत्येकानं कूलर घ्या, आणि तुम्हीच आणखी एक चिमणी बांधा." कोणी हसलं नाही. शेवटी बाई नकाशा गुंडाळायला लागल्या. त्यांचा चेहरा मला पाहवला नाही.

तेव्हा मी बोललो. मनात कपट नव्हतं, आणि तीच जास्त लाजेची गोष्ट आहे. कपट असतं तर त्याला कपट म्हणून मोकळा झालो असतो.

मी म्हटलं, "एवढं काहून भांडता? सोसायटीत बौद्ध घरं अर्ध्याला थोडीच कमी आहेत. त्यायले दिशेचं काही नाही, ते दक्षिणबिक्षिण मानत नाही. दक्षिणेची दारं त्यायले द्या, उत्तरेची तुम्ही घ्या. झालं."

मग वानखेडेबाबूंनी मांडीवर थाप मारली. "याले म्हणते जुनं माणूस." लोक हसले, मोकळे झाले. हात वर करा म्हटलं, हात वर झाले. मागं वळून पाहिलं तर मनोहरचा हातही वर होता. बापानं मांडलं, पोरगा कसा खाली ठेवणार? बौद्ध मंडळी एका बाजूला बसली होती. त्यांच्यातल्या कोणी हात वर केला, कोणी नाही, मी नीट पाहिलं नाही. एक जण एवढंच म्हणाला, "खरं आहे, आम्ही नाही मानत." यात नाही म्हणायला जागा कुठं होती? नाही म्हटलं असतं तर तेच दिशा मानतात असं झालं असतं.

कुमुदबाईंनी नकाशा पुन्हा उघडला. त्या कोणाकडं पाहत नव्हत्या, नकाशाकडंच पाहत होत्या. ठराव लिहायचं काम सेक्रेटरीचं. रामटेकेनं खिशातला पेन काढला आणि लिहिला.

घरी येताना वानखेडेबाबूंनी मला पान दिलं. मी ते चघळत, हात मागं बांधून चाललो. मनोहर काही बोलत नव्हता. मला वाटलं, बापाचा अभिमान वाटून राहिला असेल.

उलट्या मडक्यावरची रोटी

रामटेकेनं मला आधीच दुसऱ्या दिवसाचं जेवण सांगून ठेवलं होतं. तो कामावर होता, तरी मी गेलो. घरी त्याची आई पारबताबाई. माझ्याच वयाच्या, आमच्याच भागातल्या, कळमेश्वरकडच्या. आमच्या गावच्या बौद्ध वाड्यातल्या, त्यांच्या वयाच्या बाया मला पाटील म्हणतात. या म्हणाल्या, "या भाऊ, बसा."

त्यांनी चुलीवर मडकं उलटं घातलं होतं. भिजवलेली सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत झुलवत लांब करायच्या, उपरण्यासारखी, आणि मडक्यावर टाकायच्या. सोबत वांग्याची भाजी आणि लाल मिरचीचा ठेचा. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं ते पाहून म्हणाल्या, "ठेच्याचंच हाये ना पाणी?" मी म्हटलं, अर्धं. मग त्यांनी अनसूयेचं विचारलं. काय झालं होतं, शेवटी बोलली का. त्यांचा मालक जाऊन पुष्कळ वर्षं झाली. म्हणाल्या, पहिल्या वर्षी भांडी दोन माणसांची निघतात, पुढं हात शिकतो. मी खूप बोललो. इतकं त्या फाल्गुनानंतर कोणाजवळ बोललो नव्हतो.

खोटं कशाला लिहू. आमच्या गावातल्या बौद्ध घरांत मी कधी जेवलो नव्हतो. इथं मांडी घालून जेवलो आणि मनातल्या मनात माझीच मला शाबासकी देत होतो.

हात धुतले तेव्हा पारबताबाईंनी सहज विचारलं, "भाऊ, तुमच्या गावात आमचा वाडा कोणत्या अंगाले हाये वं?" 'वं' बाईमाणसाला म्हणतात, म्हणून जीभ चावून म्हणाल्या, "हाये गा?"

मी त्यांच्या चुकीवर हसलो आणि हसत हसतच उत्तर दिलं. "दक्षिणेले. नाल्याच्या काठानं."

त्यांनी मडकं चुलीवरून उतरवून बाजूला ठेवलं. माझ्याच तोंडातून निघालेलं माझ्या कानांत शिरायला तेवढा वेळ लागला.

"माह्या सासऱ्याचं घरबी तिथंच होतं," त्या म्हणाल्या. "तिथून निघालो, त्याले एक पिढी गेली. पोरगा म्हणे, माय, आता अशी कॉलनी करतो का कोणाचं घर कोणतं ते सांगताच नाही आलं पायजे. भिंतीले भिंत."

मी म्हटलं, बाई, मी त्या हिशेबानं बोललो नाही.

"हिशेबानं बोलले असते तं पोरगा भांडला असता. तुम्ही सोय म्हणून बोलले. सोयीशी काय भांडाचं?" मग चुलीतली लाकडं मागं ओढत म्हणाल्या, "बाकीच्यायचं त्याले काही नाही वाटलं, भाऊ. मनोहरचा हात वर होता, तो त्यानं पाह्यला."

तेव्हा मला ती ताकी आठवली. वाटी द्यायची. मनोहरचं घर आता सडकेवर, रामटेकेचं नाल्यावर. मी त्या रेघांच्या मधात उभा राहून मान हलवली होती आणि खुर्चीवर बसल्यावर ते साफ विसरलो होतो.

मी चप्पल घातली. पारबताबाईंनी दोन रोट्या फडक्यात बांधून दिल्या. मी घेतल्या. नको म्हणण्याचं तोंड नव्हतं आणि घेण्याचंही नव्हतं.

दुसरी बैठक

मनोहरला सांगितलं, पुन्हा बैठक बोलाव. तो खिडकीकडं तोंड करून बसला होता. "काहून? झालं ना तुमच्या मनासारखं."

"तुह्या मनात नव्हतं तं हात काहून वर केला?"

"तुम्ही बोलले बाबा. आई जाऊन दोन महिने नाही झाले. चारचौघांत तुम्हाले खाली पाहाले लावू?"

असं होतं ते. पोरानं मला जपलं आणि मित्र गमावला. दोन दिवस तो रामटेकेच्या शेजारच्या खुर्चीवर बसून डबा खात होता आणि दोघं बोलत नव्हते, हे मला शोभानं सांगितलं.

बैठक पुढच्या रविवारी झाली. यावेळी मी खुर्ची घेतली नाही. सतरंजीवर बसलो, मग उठून उभा राहिलो. म्हटलं, मागच्या खेपेला मी जे बोललो ते मागं घेतो. ते माझं डोकं नव्हतं, आमच्या गावचा नकाशा होता. चिठ्ठ्या सगळ्यांच्या टाका, ज्याला जी ओळ निघेल ती. आणि कोणाला दक्षिण नको असेल तर पहिलं दक्षिणेचं घर मनोहरचं लिहा.

वानखेडेबाबू म्हणाले, "बाबाजी, ठराव झाला ना." मागून कोणी तरी बोललं, "बुढ्याचं काय जाते? त्याले आता दक्षिण जवळच आहे." लोक हसले. मीही हसलो असतो, गंमत चांगली होती. पण मला अनसूया दिसली.

"माह्या घराचं दार पूर्वेले आहे," मी म्हटलं. "मुहूर्त पाहून बसवलं, वर गणपती आहे. माही बायको त्याच दारातून बाहेर गेली, चौघांच्या खांद्यावर. दारानं तिले अडवलं नाही. तुमचं उत्तरेचं कोणाले अडवन?"

मनोहर उभा राहिला आणि म्हणाला, दक्षिणेला माझं नाव लिहा. त्याच्यामागं शोभा, बायांतून, म्हणाली लिहा. आणखी दोन-तीन हात वर आले. दोन-तीनच. बाकीचे सतरंजीचे दोरे ओढत बसले. वानखेडेबाबूंनी ठरवलं की ज्यांना मंजूर आहे त्यांच्याच चिठ्ठ्या टाकू, बाकीचं जसं ठरलं तसं.

मग रामटेके उठला. आवाज चढवला नाही. "काकाजी, तुम्ही उभे राह्यले, मायले सांगतो. पण ज्याले मंजूर त्यायच्याच चिठ्ठ्या, म्हणजे मी कोणाले शेजारी चालतो ते लोक ठरवतीन. मले असं घर नाही पायजे. माहं नाव काढतो." आणि कुमुदबाईंकडं वळून म्हणाला, "नकाशा चांगला आहे बाई. त्याच्यात काही चूक नाही."

कुमुदबाईंचे डोळे भरले होते. त्यांचा नकाशा तिसऱ्या खेपेला टिकला होता, आणि ज्यानं त्यांना आणलं तो बाहेर चालला होता. त्याच्यामागं बौद्ध मंडळींतली आणखी काही उठली.

कॉलनी होईल. पाया खणायला घेतला आहे. भिंती तापणार नाहीत, निंब वाढतील. मनोहरचं घर दक्षिणेच्या ओळीत आहे, शेजारची जागा रिकामी. रामटेके नागपूरच्या पश्चिमेला, वाडीकडं, गोदामांच्या मागं कुठं तरी जागा पाहून राहिला आहे. तिथं सुटं घर बांधील, चारी भिंतींना ऊन. मनोहरनं गवंड्याला सांगितलं आहे की शेजारच्या भिंतीत मागच्या बाजूनं ताकी ठेवायची. गवंडी म्हणे, पलीकडं घरच नाही तर कोणाला? तो म्हणे, ठेव.

परत

निघायच्या दिवशी बसथांब्यावर रामटेके सायकलवरून आला. पिशवीत ठेच्याची बरणी होती, आईनं दिलेली. आम्ही दोघं चिमणीकडं पाहत उभे राहिलो. मी म्हटलं, मनोहरशी बोल. तो म्हणाला, बोलीन, थोडे दिवस जाऊ द्या. गाडी आली. त्यानं माझं गाठोडं वर दिलं.

गावात उतरलो तर पारावर बातमी आधीच पोचली होती, अर्धी. मी तिथं काही बोललो नाही. ऊन असतानाच नाल्याकडं गेलो आणि नाला ओलांडून बौद्ध वाड्याच्या बाजूनं उभा राहून आपलं गाव पाहिलं. या बाजूनं, थांबून, कधी पाहिलं नव्हतं. गावाचे सगळे उकिरडे या अंगाला. नाल्या उतरतात त्या याच अंगाला. आणि घरांच्या नुसत्या पाठी. एक दार नाही, एक खिडकी नाही. माझ्या घराची दक्षिणेची भिंतही त्यातच होती, पांढऱ्या मातीनं सारवलेली. अनसूयेनं सारवलेली.

वाड्यातला सुखदेव विचारत आला, "पाटील, काही हरवलं काय?"

मी म्हटलं, नाही, घर पाहून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सब्बल घेऊन त्या भिंतीत खिडकी पाडली. शेजारचे धावत आले, म्हणाले, बायकोचं वर्ष व्हायचं आहे आणि दक्षिणेची भिंत फोडता? मी ऐकलं नाही. खिडकी झाली तशी पहिल्याच दुपारी उकिरड्याचा वास आणि चुलींचा धूर आत आला. आता तिथून वाडा दिसतो, आणि वाड्यातून मी दिसतो.

खाट मात्र अजून पूर्वेच्या दाराशीच आहे. खिडकीकडं तोंड करून बसायला मला जमत नाही.